चिठ्ठी न बघता

भांडुप,
सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

ती. पपांस,
दीप्तीचा सप्रेम सलाम. वि. वि.

मुद्दामच फोन केला नाही. फोनवर तुमचं कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं, मग मी ओरडते, आणि मग तुमच्या शेजारच्या काळोखेकाकू कुंड्यांना पाणी घालायच्या निमित्ताने बाहेर येतात. शिवाय घरचा नियम आहेच. पार्सनेज म्हणजे पाळकाचं घर, तिथे आवाज चढवायचा नाही, व्हरांड्यात मंडळीतलं कुणीतरी दाखल्यासाठी उभं असतंच, भांडायचं तर कागदावर भांडा, ही तुमचीच शिकवण. तुम्ही आणि आई तांदळाच्या डब्याखाली चिठ्ठ्या ठेवून भांडायचात. मीही आठ वर्षांची असताना तिथेच एक निषेधाची चिठ्ठी ठेवली होती, कारण तुम्ही माझी शाळेची सहल बुडवून मला एका मयताला गाणं म्हणायला नेलं होतं. हे पत्र तसंच समजा. फक्त मी आता त्रेचाळीसची आहे.

मी पाळकपद सोडलं. काल उपासना संपल्यावर मंडळीच्या सातही पंचांसमोर राजीनामा ठेवला. बदली मागितली नाही, रजा मागितली नाही, सोडलं. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी शेवटची उपासना घेईन आणि महिनाअखेर हे घर रिकामं करून देईन.

तुम्ही विचारणारच म्हणून आधी सांगते. देवावरचा विश्वास शाबूत आहे. सुयोगचं आणि माझं बरं चाललंय, म्हणजे तो अजून ओला टॉवेल पलंगावरच टाकतो. मनाली नववीत आहे आणि मला आंटी म्हणत नाही एवढंच, बाकी आमची ओळख जेमतेम. मुलुंडला एका डायलिसिस सेंटरमध्ये मला काम मिळालंय. पेशंटच्या वेळा लावायच्या, त्यांच्या घरच्यांशी बोलायचं. आठ ते चार. चारला दुसरी बाई येऊन त्या खुर्चीत बसणार आणि मी उठणार. पपा, चौदा वर्षांत माझ्या खुर्चीत येऊन कुणी मला ऊठ म्हणालेलं नाही.

पंचांशी वाद झाला, तो झाला. त्याचं पुराण आज लावत नाही. रडत बसलेय असं मात्र समजू नका. काल सभेतून आले आणि कोपऱ्यावर दोन प्लेट पाणीपुरी खाल्ली.

रागवा, पण उत्तर टाका. आधी रक्तदाबाची गोळी घ्या, मग लिहायला बसा.

तुमचीच,
दीप्ती


नगर,
८ फेब्रुवारी २०२५

चि. दीप्तीस,
अनेक आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम होते, तुझे पत्र येईपर्यंत.

गोळी घेतली. तरीही हे रागानेच लिहितो आहे. पत्र दोनदा वाचले. दुसऱ्यांदा चष्मा पुसून वाचले, मजकूर तोच निघाला.

तुझ्या पत्रात जे नाही ते मला मंडईत कळले. तुमच्या सेक्रेटरीचे, त्या निलेश पाटोळेचे, मामा इथेच राहतात. कांदे निवडता निवडता त्यांनी मला सांगितले की तुमच्या मुलीने भर उपासनेत मेलेल्या माणसाला बरे कर अशी प्रार्थना केली. मी म्हणालो, शक्य नाही. ते म्हणाले, शक्य कसे नाही, अख्खी मंडळी साक्षीला होती. मी भाजी न घेताच परत आलो. हे मला परक्याकडून कळावे? तू चार ओळी लिहिल्या असत्यास तर मी निदान त्यांच्यासमोर तोंड उघडू शकलो असतो.

आणि पंचांनी मागितले तरी काय? पाटोळेच्या मामांनीच सांगितले, तीन अटी आणि खाली एक सही. अगं, करून टाक की! मी एकोणचाळीस वर्षांत असल्या वीस कागदांवर सह्या केल्या. कधी गाण्याची चाल बदलली म्हणून माफी, कधी कुणाच्या जावयाला बाकावर पुढे बसवले नाही म्हणून माफी. पाळकाला स्वाभिमान परवडत नाही, हे तुला मी लहानपणापासून दाखवत आलो. तू काय बघितलेस मग?

तुझ्या दीक्षेला मी तुझ्या डोक्यावर हात ठेवला तेव्हा मागे दोघे कुजबुजले होते की बघू या किती दिवस टिकते. आता ते लोक काय म्हणतील, सांग. म्हणतील, बघा, बाईला जमले नाहीच. तुझ्यामागून येणाऱ्या पोरींना दार बंद होईल आणि कडी तू लावलेली असेल.

शेवटचे, आणि हे मला लिहिताना जड जाते आहे. माझ्या दफनविधीला तू उभी राहायचीस असे ठरले होते. आईच्या वेळी तू उभी राहिलीस, तेव्हाच मी मागून घेतले होते. राजीनामा दिलेल्या माणसाला आमच्या मंडळीत विधी करता येत नाही, हे तुला ठाऊक आहे. मग मला कोण पुरणार? आमचा नवा पाळक? तो पोरगा दोन वर्षे झाली मला भास्करराव म्हणतो. मी भाऊराव आहे असे चार वेळा सांगितले. पाचव्या वेळी सांगायला मी खड्ड्यातून उठणार नाही.

सही कर आणि कळव. आशीर्वाद आहेतच. राग आला म्हणून ते परत घेता येत नाहीत.

तुझा,
पपा


भांडुप,
१४ फेब्रुवारी २०२५

ती. पपांस,
सप्रेम सलाम. वि. वि.

मंडईत तुम्हाला खाली बघावं लागलं त्याबद्दल माफ करा. ही माफी मी मनापासून मागतेय. पंचांना हवी असलेली माफी वेगळी होती. आता सगळं सांगते, शेवटपर्यंत वाचा, मध्येच चष्मा पुसायला उठू नका.

आमच्याकडे दाराशी प्रार्थनेची पेटी आहे. ज्याला जे मागायचं ते लोक चिठ्ठीवर लिहून टाकतात आणि रविवारी मी वेदीवरून एकेक नाव घेऊन प्रार्थना करते. धोंडिराममामा तुम्हाला माहीत आहेत, गेल्या नाताळात तुमच्याशी कबड्डीवरून वाद घातला ते. खुर्च्या लावणं, माइक दुरुस्त करणं, सगळं तेच करायचे. जानेवारीत त्यांना न्यूमोनिया झाला तेव्हा मथुरामावशीने, त्यांच्या बायकोने, पेटीत चिठ्ठी टाकली. सोळा तारखेला, गुरुवारी, मी मामांना पुरलं. मीच. माती टाकणारा पहिला हात माझा होता. आणि एकोणीस तारखेला, रविवारी, पेटीतली ती जुनी चिठ्ठी हातात आली आणि मी स्पष्ट खणखणीत आवाजात वाचलं की प्रभू, तुझ्या सेवकाला, धोंडिरामला, अंथरुणातून उठवून चालतं कर.

चर्चमध्ये पंख्याचा आवाज ऐकू येत होता. मी वर बघितलं. मथुरामावशी तिसऱ्या बाकावर पांढऱ्या साडीत बसली होती. आणि पपा, तिला बघूनही मला लगेच कळलं नाही काय चुकलं ते. मी पुढची चिठ्ठी उघडली.

त्या आठवड्याचं ऐका. दोन मयतं, एक लग्न, एका जोडप्याचं भांडण जे सोमवारी मिटलं आणि बुधवारी पुन्हा पेटलं, शाळेच्या प्रवेशासाठी दाखले मागणारे अठरा जण, आणि कंपाउंडचा पाण्याचा पंप बिघडलेला, कारण पंपाची किल्ली का कुणास ठाऊक पाळकाकडे असते. मनालीला ताप होता, तो उतरला हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही. तुमचेही असेच आठवडे गेले, मी पाहिलेत.

उपासनेनंतर पायरीवर मथुरामावशी थांबली होती. ती ओरडली नाही. तिने एवढंच विचारलं की त्यांना मातीत ठेवलं तेव्हा तुम्ही होतात ना हो तिथे. मी हो म्हटलं. ती म्हणाली की मग बरं, आणि गेली. पपा, मी तेव्हापासून त्या हो शब्दावर अडकलेय. कारण मी तिथे नव्हतेच. माझं तोंड होतं, झगा होता, हात माती टाकत होता. मी कितीतरी महिने कुठेच नाहीये.

आता पंचांचं पत्र. पहिली अट, वेदीवरून माफी. ती मी आनंदाने मागितली असती, पण मथुरामावशीची. त्यांना ती मंडळीच्या प्रतिष्ठेची हवी होती. दुसरी, दर शुक्रवारी रविवारचा संदेश लिहून सेक्रेटरीला दाखवायचा. निलेश पाटोळे तपासणार, ज्यांना पवित्र शास्त्रातली पुस्तकं क्रमाने सांगता येत नाहीत! आणि तिसरी, यापुढे दफनविधीला शेजारच्या मंडळीतले पुरुष पाळक येतील, कारण बाईमाणूस अशा प्रसंगी भावनेच्या भरात गडबडते.

भावनेच्या भरात! पपा, तीच तर शिल्लक नव्हती! भावना असती तर मी धोंडिराममामांचं नाव असं वाचलं असतं का?

आणि बाईला जमलं नाही म्हणतील, तर म्हणू देत. माझ्याबरोबर शिकलेल्या नऊ जणांपैकी चार पुरुष सोडून गेले. एक कुरिअर कंपनीत आहे, दोघं शाळेत, एक कुठे आहे ते त्याच्या आईलाही माहीत नाही. तेव्हा कुणी म्हणालं का की बघा, पुरुषांना जमत नाही? मागून येणाऱ्या पोरींना मी एवढंच सांगेन की पोरींनो, दार आतूनही उघडतं.

मी सही करणार नाही. तुम्ही वीस केल्यात, त्यातल्या एकाने तरी तुमचं काही सोपं झालं का, ते मला प्रामाणिकपणे लिहा. तुमच्या दफनाबद्दल मी दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं.

खोकल्याचं औषध संपलं असेल तर सांगा, सुयोग पाठवेल. लेकीवर रागावताना तिच्यावरचा जीव कमी करू नका.

तुमची,
दीप्ती


घाटकोपर, दुकानातून,
२ मार्च २०२५

ती. मामांस,
सुयोगचा सा. सलाम.

तुमच्या लेकीला न सांगता लिहितोय, म्हणून चष्म्याच्या दुकानाच्या पॅडवर. वरच्या छापील जाहिरातीकडे लक्ष देऊ नका. तुमचा नंबर वाढला असेल तर मात्र द्या.

मामा, दोन आठवडे झाले, तुमचं उत्तर नाही. दीप्ती रोज पोस्टमनला असं बघते की तो बिचारा हल्ली रस्ता ओलांडून जातो. मला मध्ये बोलायचा अधिकार नाही, मी काय, पाळकीणबाईचा नवरा. मंडळीत माझं नावही धड कुणाला माहीत नाही, मला सगळे मिस्टर म्हणतात. पण ती जे लिहिणार नाही ते मी लिहितो.

नोव्हेंबरात ती मनालीच्या शाळेत पालकसभेला गेली आणि बाकावर बसल्या बसल्या झोपली. बाईंनी उठवलं तर झोपेतच तिने बाईंना आशीर्वाद दिला. मनालीने घरी येऊन नक्कल करून दाखवली, आम्ही हसलो. हसलो ते चुकलंच. डिसेंबरात नाताळची गाणी म्हणायला सोसायट्या फिरताना जिन्यावरून घसरली, पाय सुजला, तरी उरलेल्या अकरा इमारती केल्या. मी म्हटलं, घरी चल. ती म्हणाली, लोक काय म्हणतील. ही आपली दीप्ती, जिला लोक काय म्हणतात याची लग्नात सुद्धा पर्वा नव्हती! तुम्हाला आठवतं ना, नवरीच्या साडीखाली स्पोर्ट्स शूज घालून आली होती?

आणि एक. त्या रविवारी घोळ झाल्यावर तिने ती पेटी घरी आणून जमिनीवर पालथी केली. वरवरच्याच चिठ्ठ्या ती वाचायची, तळाशी बऱ्याच राहिल्या होत्या. त्यात एक आमच्या मनालीच्या अक्षरात होती. आमच्या पाळकबाईंसाठी प्रार्थना करा, त्यांना घरी यायला जमत नाही, असं लिहिलेलं. तारीख नव्हती. पोरगी नाक फुगवून म्हणते की मस्करी केली होती. दीप्तीने ती चिठ्ठी घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि दोन आठवड्यांनी राजीनामा दिला.

मी तर खूश आहे मामा, खोटं कशाला बोलू. मुलुंडला एक खोली-किचन बघितलंय, चौथा मजला, लिफ्ट झकास. पण तिला तुमचा होकार हवाय, आणि तो मागायची नाही, तुमच्यावरच गेलीय.

औषध वेगळ्या पार्सलने पाठवलंय. माझ्या उद्धटपणासकट मला आपलं माना.

आपला,
सुयोग


नगर,
१२ मार्च २०२५

चि. दीप्तीस,
अनेक आशीर्वाद. औषध पोचले, खोकला आहे तसाच आहे.

तू विचारलेस, वीस सह्यांपैकी एकीने तरी काही सोपे झाले का. मी तीन आठवडे आठवून बघितले. झाले नाही.

आठवता आठवता भलतेच आठवत बसलो. पार्सनेजच्या भिंतीला खिळा ठोकायचा तर पंचांची परवानगी लागायची, तुला माहीत आहे. घर मंडळीचे, भिंत मंडळीची. तुझ्या आईने सदतीस वर्षांत नऊ घरे लावली, एकाही घरात खिळा ठोकला नाही. आरसा खिडकीत टेकवून भांग पाडायची. मग मी निवृत्त झालो, आपण हे दोन खोल्यांचे घर बांधले, आणि राहायला आलो त्याच दिवशी तिने माझ्याकडून हातोडी मागून घेतली. अकरा खिळे ठोकले. मी म्हणालो, नलिनी, टांगायला तर काहीच नाही. ती म्हणाली, नसू दे, ठोकते. मी तेव्हा हसलो होतो. ती या घरात जेमतेम दोन वर्षे राहिली. खिळे आहेत. त्यांतल्या एकावर सध्या माझी छत्री असते, बाकीचे रिकामे.

सुयोगने काही लिहिले आहे की नाही ते मी सांगणार नाही. पण ती सहल मला आठवते. ते मयत दत्तोबा गुरुजींचे होते आणि गाणे म्हणायला दुसरे कुणी नव्हते असे मी तेव्हा तुला सांगितले होते. दुसरी पोरे होती. पाळकाची पोर दिसली पाहिजे, म्हणून तुला नेले.

सही करू नकोस. इतपत मी आलो. पण सोडूही नकोस, बदली माग, वर्षभर रजा माग, एवढे म्हातारा मागतो. आणि माझे दफन अजून लटकलेलेच आहे, त्याचे तू उत्तर दिले नाहीस. मी आता एकोणऐंशीचा आहे. हा विषय माझ्या वयात फार दिवस पुढे ढकलता येत नाही.

मनालीला पापा दे. तिला म्हणावे, आजोबांनी तिच्या अक्षराचे कौतुक केले आहे. का, ते विचारू नये.

तुझा,
पपा


भांडुप,
२८ एप्रिल २०२५

ती. पपांस,
सप्रेम सलाम. वि. वि.

सुयोगने तुम्हाला लिहिलं हे मला त्याच आठवड्यात कळलं. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. त्याला दोन दिवस चहा स्वतःचा स्वतः करायला लावला.

बदली मागितली नाही, पपा. दुसऱ्या गावात दुसरी पेटी असती, एवढाच फरक. तुमचं पत्र मात्र मी मनालीला वाचून दाखवलं. खिळ्यांपाशी आल्यावर मला पुढे वाचता येईना, मग तिने वाचलं.

काल शेवटची उपासना झाली. पण त्याआधीचं सांगायला हवं. गेल्या मंगळवारी मी मथुरामावशीकडे गेले. झगा नाही, शास्त्र नाही, साध्या ड्रेसवर. माफी मागायला आलेय म्हटलं. तिने दार उघडं ठेवलं आणि आत जाऊन बसली, म्हणजे या असं मी समजले. मेथी निवडत होती. अर्धी जुडी माझ्यापुढे सरकवली. मीही निवडायला बसले. मग ती म्हणाली की तुम्ही पाळकबाई म्हणून यायचात तेव्हा कपातला चहा निम्मा व्हायच्या आत घड्याळ बघायचात, आमचे हे म्हणायचे की बाईंची गाडी सुटतेय, लवकर प्रार्थना करून घे.

मी मयताला मामांची जीवनओळख वाचली होती. प्रार्थनाशील आणि शांत स्वभावाचे, असं. मावशी म्हणाली, शांत? मॅच बघताना तो माणूस टीव्हीला चप्पल मारायचा! दोन टीव्ही फुटले! लिफ्टला घाबरायचा म्हणून पाचव्या मजल्यावरच्या लेकीकडे चढून जायचा आणि वर पोचल्यावर व्यायाम केला म्हणून सांगायचा. डायबेटिस असून साखरेच्या डब्यात बोट घालायचा, आणि तिने पकडलं की डब्याला मुंग्या लागल्यात का ते बघत होतो म्हणायचा. ती दीड तास बोलली. शेवटी शेवटी आम्ही दोघी हसत होतो आणि मेथीत देठच जास्त राहिले होते. माफ केलं असं ती म्हणाली नाही. भाजी घेऊन जा म्हणाली.

शांत स्वभावाचे हे मी गेल्या सहा वर्षांत किती जणांबद्दल वाचलं असेल! मला स्वतःचीच चीड आली.

आता काल. पंचांनी शाल आणली होती, ती घेतली नाही. पत्रातल्या अटी परत घ्या, मग शाल द्या, असं तिथेच सर्वांसमोर सांगितलं. पाटोळे म्हणाले की हा विषय आज नको. मी म्हटलं, मग शालही आज नको. प्रार्थनेची वेळ आली तेव्हा पेटी उघडून दाखवली, रिकामी होती, मीच तशी ठेवली होती. म्हटलं, आज मी नावं वाचणार नाही. ज्याचं माणूस असेल त्याने उठून त्याचं नाव घ्यावं. पाटोळे उभे राहिले, मला वाटलं चला, सुरुवात झाली, तर ते पंखा कमी करायला उठले होते. मग मागून एका पोराने आजीचं नाव घेतलं. मग लोक उठतच राहिले. चाळीस मिनिटं, पपा! मी फक्त ऐकत उभी होते. तिसऱ्या बाकावरून मथुरामावशी उठली आणि धोंडिराम एवढंच म्हणाली. ते गेलेत हे सगळ्यांना माहीत होतं. ती खाली बसली. मग तिच्या पुढच्या बाकावरच्या बाई उठल्या.

मी काल तिथे होते. चौदा वर्षांतल्या शेवटच्या रविवारी होते.

परवा मुलुंडला जातोय. पंपाची किल्ली पाटोळेंच्या हातात ठेवली, चेहरा बघण्यासारखा होता. तुमच्या प्रश्नाचं उत्तर अजून नाही. नियम तुमच्या मंडळीचा आहे, मी काय करू? मी भांडून आले ते माझ्या पंचांशी. तुमच्या पंचांशी भांडायचा हक्क तुमचा आहे.

मला अंतर देऊ नका.

तुमची,
दीप्ती


नगर,
६ मे २०२५

चि. दीप्तीस,
अनेक आशीर्वाद. घसा बसला आहे, बाकी क्षेम. घसा का बसला ते सांगतो.

तुझे शेवटचे वाक्य मला बोचले. दोन दिवस बोचत राहिले. रविवारी उपासनेनंतर आमच्या पंचांची सभा पार्सनेजच्या व्हरांड्यात होती. मी न बोलावता गेलो. अर्ज लिहून नेला होता, आपल्या नियमाप्रमाणे, कागदावर. माझ्या दफनविधीला माझी मुलगी दीप्ती उभी राहील, ती कोणत्याही पदावर असो वा नसो, एवढाच मजकूर. नव्या पाळकाने तो वाचला आणि फार गोड आवाजात म्हणाला की भास्करराव, आपली भावना समजते, पण नियम.

बाळ, मी ओरडलो. एकोणचाळीस वर्षे सेवा आणि वर पंधरा वर्षे निवृत्ती, इतक्या काळात पहिल्यांदा मी पार्सनेजच्या व्हरांड्यात आवाज चढवला. म्हणालो, भाऊराव! माझे नाव भाऊराव आहे! ज्याला जिवंतपणी माझे नाव घेता येत नाही त्याने मेल्यावर ते घेऊ नये! म्हणालो, नलिनीशेजारची जागा माझी आहे, मी तिथे निजणार आणि माझी पोर तिथे बोलणार, ती साडीत येवो, ड्रेसवर येवो, नाहीतर स्पोर्ट्स शूज घालून येवो. तुम्हाला मंजूर नसेल तर मंडळीच्या यादीतून माझे नाव आत्ता काढा, मी इथे बसून बघतो. आणि बसलो. कानातले यंत्र काढून खिशात ठेवले, म्हणजे त्यांचे उत्तर ऐकू येण्याचा प्रश्नच मिटला.

तोंडे हलत होती. शेवटी पंचांतला एक जण, मी ज्याचा बाप्तिस्मा केला तो, अर्ज घेऊन त्यावर काहीतरी लिहू लागला. यंत्र पुन्हा लावले तेव्हा कळले की मंजूर. नवा पाळक बाजूला उभा राहून छत्री धरणार, असेही ठरले. ते मी सुचवले. काळोखेबाई फाटकाबाहेर उभ्या होत्या, त्यांनी सगळे ऐकले आणि टाळ्या वाजवल्या.

सोडलेस ते सोडलेस. मला ते आवडले असे मी लिहिणार नाही, खोटे होईल. पण तू सोडलेस म्हणून मला आज ओरडता आले, हेही खरे आहे. हे मी चाळीस वर्षे आधी करायला हवे होते. तुझी आई तेव्हा ऐकायला होती.

आता तू सांग, येशील ना?

तुझा,
पपा (भाऊराव)


मुलुंड,
१२ मे २०२५

ती. पपांस,
सप्रेम सलाम. वि. वि.

तुमचं पत्र मी चार वाजून पाच मिनिटांनी वाचलं. माझ्या खुर्चीत दुसरी बाई बसली होती, मी जिन्यात उभी राहून वाचलं आणि मोठ्याने हसले. मग रडले. एक पेशंट विचारत होता की ताई, रिपोर्ट वाईट आला का.

येईन. पण माझ्याही तीन अटी आहेत, खाली सही करून परत पाठवा. तुम्हाला सह्यांची सवय आहेच.

पहिली, घाई करायची नाही.

दुसरी, या सुट्टीत पंधरा दिवस इथे येऊन राहायचं. खोली लहान आहे, मनाली तुम्हाला पलंग देऊन स्वतः खाली झोपणार आहे. घरमालकाने करारात लिहून घेतलंय की भिंतीला खिळे ठोकायचे नाहीत. राहायला आले त्याच संध्याकाळी मी एक ठोकला. तुमच्या छत्रीसाठी आहे. मालक बोलले, मी ऐकून घेतलं, खिळा आहे तिथेच आहे. आल्यावर रोज चारनंतर माझ्यासमोर बसायचं आणि मला माहीत नाही ते सांगायचं. तुम्ही काय चोरून खाता, कशाला घाबरता, कशाला चप्पल फेकून मारावीशी वाटते. प्रार्थनाशील आणि शांत स्वभावाचे असं मी तुमच्याबद्दल बोलणार नाही, व्हरांड्यातल्या प्रकारानंतर तर मुळीच नाही.

तिसरी अट माझ्यासाठीच आहे. त्या दिवशी माझ्या हातात कागद नसेल. तुमचं नाव मी चिठ्ठी न बघता घेईन, पपा, आणि इतक्या मोठ्याने घेईन की काळोखेकाकूंना घरात ऐकू जाईल.

यंत्राचा नवा सेल आणा, मनालीला तुमच्याशी खूप बोलायचंय.

तुमची,
दीप्ती